आमच्या वहीची पहिली एकवीस पाने

पुढच्या आठवड्यात मला एक वही परत करायची आहे. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, शिवण उसवू नये म्हणून पाठीला खाकी चिकटपट्टी लावलेली ही वही म्हणजे पुण्यात पदव्युत्तर शिक्षण घेत असताना आम्ही चालवलेल्या अभ्यास मंडळाचे इतिवृत्त आहे. पुणे सोडताना ती चुकून माझ्या सामानात आली आणि आता मंडळ चालवणाऱ्या मुलांना ती हवी आहे. देण्यापूर्वी मी ती पहिल्यापासून वाचून काढली. पहिली एकवीस पाने इंग्रजीत आहेत. बाविसाव्या पानावर मराठी सुरू होते आणि शेवटपर्यंत मराठीच राहते. हा बदल कसा झाला ते लिहून ठेवावेसे वाटते, कारण उदारमतवादाविषयी मला जे काही उमगले त्यातले बहुतेक याच बदलाच्या पोटात आहे.

पहिली बैठक बुधवार, २३ ऑगस्ट २०२३ रोजी झाली. अर्थशास्त्राचे चौघे, विधी शाखेचे दोघे आणि राज्यशास्त्राची एक मुलगी, असे आम्ही सातजण होतो. राजकारणावर आवाज न चढवता आणि आधार देऊन बोलता यावे, आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य, कायद्याचे राज्य, मर्यादित शासन, खुला व्यापार ही अभिजात उदारमतवादाची मांडणी मुळातून वाचावी, एवढाच हेतू होता. महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुका १९९० च्या दशकापासून बंद आहेत; २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद झाली, पण आमच्या विद्यार्थिदशेत त्या काही झाल्या नाहीत. त्यामुळे आमच्या पिढीला महाविद्यालयाच्या आवारात राजकारण दिसते ते कोणाच्या तरी वाढदिवसाच्या फलकावर. एखाद्या धोरणाची बाजू मांडावी, समोरच्याने ती खोडावी आणि मग दोघांनी एकत्र चहाला जावे, ही सवय लागण्याची जागाच उरलेली नाही.

आम्हाला जागा मिळाली नाही ती अगदी शब्दशः. एका वर्गखोलीसाठी अर्ज केला, त्यावर ‘राजकीय विषय नकोत’ असा तोंडी शेरा मिळाला. विषयाची यादी बदलून पुन्हा अर्ज केला, तो टेबलावरून हललाच नाही. मला त्याचे वाईट वाटले आणि अजूनही वाटते, कारण अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मतदाराला कररचनेवर बोलण्यासाठी एक खोली आणि दोन पंखे मिळू नयेत हे काही बरे लक्षण नव्हे. शेवटी आम्ही टेकडीवर बसू लागलो. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मागच्या याच टेकडीवर १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. आम्ही मात्र तेथे गेलो ते फुकट जागा आणि संध्याकाळचा वारा यांच्यासाठी. गोखल्यांपर्यंत पोहोचायला आम्हाला आणखी पाच महिने लागले.

पहिल्या एकवीस पानांत काय आहे? व्यक्तिस्वातंत्र्यावर लिहिणारा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल आहे, खुल्या बाजाराची बाजू मांडणारा अर्थशास्त्रज्ञ हायेक आहे, खुल्या व्यापाराचे फायदे आहेत. सगळे नीटनेटके, मुद्देसूद आणि एकमताचे. कोणी काही मांडले की बाकीचे त्याला दुजोरा देत. आपण ज्या भाषेत वाचले त्याच भाषेत ते परत बोलून दाखवत होतो आणि त्यालाच चर्चा म्हणत होतो. आज ती पाने वाचताना एक गोष्ट मला फार टोचली. केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले ते १९ ऑगस्ट २०२३ रोजी, म्हणजे आमच्या पहिल्या बैठकीच्या चारच दिवस आधी. त्या आठवड्यात नाशिक जिल्ह्यातील कांद्याचे लिलाव बंद पडले होते. आणि आमच्या वहीच्या पहिल्या पानावर, खुला व्यापार या विषयावरच्या दीड तासाच्या चर्चेच्या नोंदीत, कांदा हा शब्द कुठेच नाही.

त्याच नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातला एक मित्र ऑक्टोबरपासून येऊ लागला होता. तो फारसा बोलत नसे. त्याचा स्वभावच मितभाषी असावा असे आम्ही धरून चाललो होतो. ७ डिसेंबरच्या अधिसूचनेने कांद्याच्या निर्यातीवर थेट बंदी आली. त्यानंतर तो एक बुधवार आला नाही. पुढच्या बुधवारी, २० डिसेंबरला, आला आणि म्हणाला, “मी मराठीत बोललो तर चालेल का?”

हा प्रश्न विचारण्याची वेळ त्याच्यावर यावी याची मला आजही लाज वाटते. सातपैकी सहाजणांची मातृभाषा मराठी होती. इंग्रजीत बोलायचे असे कोणी ठरवले नव्हते. तसे ठरवावे लागले नव्हते, हेच त्यातले वाईट.

त्याने खिशातून दोन हिशोबपट्ट्या काढल्या आणि गवतावर मांडून त्यांच्यावर दगड ठेवले. वर बाजार समितीचे नाव, खाली ट्रॅक्टरचा क्रमांक, मालाचे वजन, क्विंटलचा दर, मग हमाली, तोलाई, वाराई यांच्या वजावटी आणि शेवटी हाती आलेली रक्कम. दोन पट्ट्यांच्या तारखांत जेमतेम दोन आठवड्यांचे अंतर होते आणि दुसरीवरचा दर पहिलीच्या जवळपास निम्मा होता. मग त्याने आम्हाला समजावले की डिसेंबरात निघतो तो लाल कांदा. त्यात पाणी जास्त, तो टिकत नाही. उन्हाळ कांदा हवेशीर कांदाचाळीत चार-सहा महिने साठवून भावाची वाट पाहता येते, लाल कांदा मात्र काढला की विकावाच लागतो. म्हणजे बंदी नेमकी अशा वेळी आली की शेतकऱ्याजवळ थांबण्याचा पर्यायच नव्हता. “माल आमचा, राबणूक आमची, कर्ज आमच्या नावावर,” तो म्हणाला, “आणि गिऱ्हाईक कोणते निवडायचे ते दुसऱ्याने ठरवायचे. आम्हाला भीक नको, मोकळीक द्या.”

त्या दिवशी त्याच्याशी वाद घातला तो हडपसरच्या मैत्रिणीने. तिची आई पोळीभाजीचे डबे करते. दिवाळीच्या आसपास किरकोळ बाजारात कांदा साठ-सत्तर रुपये किलोवर गेला होता आणि डब्याचा दर तर महिन्याच्या सुरुवातीलाच ठरलेला असतो. तिने विचारले, “कांदा वाढला म्हणून आईने डबा महाग केला तर बॅचलर मुले दुसरीकडे जातात. तुझ्या मोकळीकीचे पैसे माझ्या आईने का द्यायचे?” त्याने लगेच उत्तर दिले नाही. बराच वेळ गेल्यावर म्हणाला की भाव पडतो तेव्हा आमचा कांदा दोन रुपये किलोनेही उचलत नाहीत, त्या वर्षी तुझ्या आईचा वाचलेला पैसा कोणाचा असतो? तिलाही लगेच उत्तर सुचले नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणाला दुजोरा देता येत नव्हता.

विधी शाखेच्या मित्राने त्या रात्री एक नियम सुचवला आणि तो पुढे मंडळाचा कणा झाला: कायद्याविषयी काही बोलायचे असेल तर कलम आणा. पुढच्या बैठकीला तो विदेशी व्यापार (विकास व नियमन) अधिनियम, १९९२ याच्या कलम ३ ची झेरॉक्स घेऊन आला. त्या कलमानुसार केंद्र सरकार आदेश काढून कोणत्याही मालाची आयात किंवा निर्यात थांबवू शकते. संसदेत आधी चर्चा नको, बाधितांचे म्हणणे ऐकायला नको. राजपत्रात अधिसूचना आली की अंमल सुरू. ते वाचल्यावर आमची चर्चा बदलली. निर्यातबंदी चांगली की वाईट, हा प्रश्न मागे पडून अधिकार कोणाचा, तो किती अचानक वापरता येतो, त्याला मुदत असते का आणि चूक झाली तर भरपाई कोण देतो, हे प्रश्न पुढे आले. हीच कायद्याच्या राज्याची मूळ चौकशी आहे. आम्ही ती इंग्रजीत तीन आठवडे वाचली होती, पण ती आमच्या हातात आली ती या झेरॉक्समुळे. नंतरच्या नोंदी वहीत तारीखवार आहेत: बंदीची मुदत आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, ती पुढे लांबली, ४ मे रोजी बंदी उठली ती प्रति टन ५५० डॉलरच्या किमान निर्यात मूल्यासह आणि ४० टक्के शुल्कासह, आणि शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ रोजी.

निफाडच्या मित्राचे आजोबा १९८० च्या कांदा आंदोलनात रस्त्यावर बसले होते. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती घेणाऱ्या, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचे नाव त्यांच्या घरात रोजचे होते. बाजाराचे स्वातंत्र्य आणि तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य ही मागणी या राज्यात लाखो शेतकऱ्यांनी मराठीत केली, आणि आम्ही तीच गोष्ट परदेशी पुस्तकांत शोधत बसलो होतो. याहून जवळची गोष्ट त्याने सहज बोलता बोलता सांगितली. १९८६ साली त्यांच्याच जिल्ह्यात, चांदवडला, शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले. पुढे जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर करून देण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. त्यांच्या घरच्या सातबाऱ्यावर आजीचे नाव आहे ते तेव्हापासून. मालमत्तेचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा आधार आहे, असे वाक्य आमच्या वहीत चौदाव्या पानावर इंग्रजीत आहे. आजीच्या नावाचा सातबारा पाहिल्यावर ते वाक्य कोणाला पुन्हा समजावून सांगावे लागले नाही.

मराठीत बोलू लागल्यावर पहिली अडचण आली ती शब्दाचीच. ‘उदार’ म्हटले की मराठी माणसाच्या मनात सैल हाताचा, देणगी देणारा माणूस उभा राहतो. त्यामुळे उदारमतवादी शासन म्हणजे भरपूर अनुदाने वाटणारे शासन, असा अर्थ अगदी प्रामाणिकपणे घेतला जातो. ‘उदारीकरण’ हा शब्द १९९१ च्या आर्थिक सुधारणांना चिकटला, त्यामुळे त्याचा वास फक्त पैशाचा राहिला. आणि ज्यांनी हा विचार महाराष्ट्रात रुजवला त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकाने आम्हाला करून दिली ती ‘मवाळ’ अशी. जहाल आणि मवाळ या जोडीत कोणत्या मुलाला मवाळ व्हावेसे वाटेल? १८९६ साली न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांनी डेक्कन सभा काढली तेव्हा तिच्या जाहीरनाम्यात उदारमत आणि नेमस्तपणा ही दोन ब्रीदे घातली होती. वंशाचे आणि धर्माचे पूर्वग्रह बाजूला ठेवणे हा त्यातल्या उदारपणाचा अर्थ होता. हे आम्हाला विशीनंतर कळले. शब्दाचे काय करावे यावर दोन बैठका झाल्या आणि वहीत अखेर निफाडचाच शब्द राहिला: मोकळीक. काही जणांना तो फार घरगुती वाटला. मला वाटते, शब्द घरगुती असल्यामुळेच हडपसरची मैत्रीण त्याच्यावर हक्काने प्रश्न विचारू शकली.

याच सुमारास मला १८४८ च्या मुंबईतील ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’विषयी वाचायला मिळाले. एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने ती काढली. दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच. निबंध वाचायचे आणि त्यांवर चर्चा करायची, असा क्रम. पण या तरुणांच्या लवकरच लक्षात आले की इंग्रजीतली चर्चा खोलीच्या बाहेर जात नाही. त्यांनी मराठी आणि गुजराती अशा ज्ञानप्रसारक सभा काढल्या. मराठी सभेच्या अध्यक्षस्थानी दादोबा पांडुरंग होते. पुढच्याच वर्षी सोसायटीने मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि तेथे सभासदांनी स्वतः विनावेतन शिकवले. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या मुलांना जे काही महिन्यांत कळले ते आम्हाला एका मित्राने लाजवल्यावर कळले. त्यांच्यासारखी शाळा काढण्याइतके तर आम्ही काहीच केले नाही.

गोखले आमच्या वहीत येतात ते जानेवारीत. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात त्यांनी अर्थसंकल्पावर केलेले भाषण आम्ही तीन बैठका वाचले. सरकारी तिजोरीत सात कोटींहून अधिक शिल्लक पडली होती आणि सरकार तिच्याकडे भरभराटीची खूण म्हणून पाहत होते. गोखल्यांनी आकडे मांडून दाखवले की ही भरभराट नव्हे, हा गरजेपेक्षा जास्त घेतलेला कर आहे, आणि तो घेतला आहे दुष्काळाने खंगलेल्या लोकांकडून. मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. पुढच्या वर्षी तो दोन रुपये झाला. फर्ग्युसनमध्ये वर्षानुवर्षे शिकवलेल्या या माणसाने आवाज न चढवता, केवळ सरकारचेच हिशेब सरकारपुढे ठेवून, गरिबाच्या मिठावरचे ओझे हलके करण्याची वाट मोकळी केली. त्या बैठकीनंतर आमच्यातल्या कोणीही ‘मवाळ’ हा शब्द पुन्हा वापरलेला मला आठवत नाही.

मात्र आपल्या पूर्वजांना एका साच्यात बसवण्याची घाई आम्हाला महागात पडली. रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात, इंग्लंडातले अर्थशास्त्राचे सिद्धांत हिंदुस्थानाला जसेच्या तसे लावण्यास विरोध केला आणि उद्योग उभारणीत सरकारचा हात मागितला. नांदेडचा एक मित्र डॉ. आंबेडकरांचे १९२३ सालचे रुपयाच्या प्रश्नावरचे पुस्तक घेऊन आला, ज्यात चलन काढण्याचा सरकारचा मोकाट अधिकार आवळून धरण्याची बाजू मांडली आहे. आम्ही हरखून गेलो. पुढच्या बुधवारी त्याने १९४७ चे निवेदन आणले, ज्यात प्रमुख उद्योग आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी अशी बाबासाहेबांची मागणी आहे. एक आवडते म्हणून घ्यायचे आणि दुसरे सोडून द्यायचे हे चालणार नाही, असे त्याने ठामपणे सांगितले. दुर्बळ माणसावर कोणाची सत्ता चालते आणि तिला लगाम कसा घालायचा, हाच प्रश्न दोन्हीकडे आहे, असे त्याचे म्हणणे होते. ते म्हणणे मला तेव्हा पूर्ण पटले नव्हते, पण फेब्रुवारीतल्या दोन बैठकांनी पटवले.

त्या बैठका संमतिवयाच्या कायद्यावर होत्या आणि माझ्या मते वहीतली ती सर्वांत भरीव पाने आहेत. १८९१ च्या त्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले. टिळकांचा आक्षेप असा होता की समाजाची सुधारणा समाजाने करावी, परक्या सरकारने कायदा करून आमच्या घरात शिरू नये. मिल आणि स्पेन्सर पचवलेले आगरकर मात्र ‘सुधारक’मधून कायद्याच्या बाजूने उभे राहिले. शासन जितके लहान तितके बरे, असे महिनोन्महिने सांगणाऱ्या आमच्या एका मित्राची येथे खरी परीक्षा झाली. शासनाला दाराबाहेर ठेवायचे म्हटले तर दाराआडच्या दहा वर्षांच्या मुलीचे काय? समाजाचे स्वातंत्र्य मोठे की त्या मुलीचे? आम्ही त्याला जोडून रखमाबाईंचा खटला वाचला. लहानपणी झालेले लग्न मला मान्य नाही, असे ती तरुण मुलगी म्हणत होती; १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल तिच्या बाजूने दिला आणि १८८७ साली दुसऱ्या न्यायमूर्तींनी तिला नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असा आदेश दिला. ती तुरुंगात जायला तयार झाली. पुढे तडजोड झाली आणि ती लंडनला जाऊन डॉक्टर होऊन परतली. राज्यशास्त्राची मैत्रीण, जी पहिल्या दिवसापासून आमच्यात होती आणि मुलगी म्हणून काही वेगळे बोलायचे तिने कटाक्षाने टाळले होते, त्या दिवशी इतकेच म्हणाली की माझ्या आजीचे लग्न तेराव्या वर्षी झाले, तिला विचारणारे ना सरकार होते ना समाज. वहीत त्या वाक्याखाली मी रेघ मारलेली आहे. माणसावर सत्ता चालवणारे शासन एकटेच नसते. जात, कुटुंब, रूढी, सावकार हेही असतात, आणि यांच्याकडे काणाडोळा करणारा उदारमतवाद अर्धाच आहे, असे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे.

इतर विषय वहीत भराभर येतात. १९५९ साली काँग्रेसच्या सहकारी शेतीच्या ठरावानंतर उभा राहिलेला ‘स्वतंत्र’ नावाचा पक्ष, १९६७ च्या लोकसभेतील त्याचे ४४ खासदार आणि त्याचा लोप. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २९-अ, ज्याखाली नोंदणी करताना प्रत्येक पक्षाला समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा लिहून द्यावी लागते; म्हणजे समाजवाद न मानणाऱ्याला पक्ष नोंदवायचा तर पहिल्याच कागदावर खोटे लिहावे लागते. हे कलम वाचून दाखवले तेव्हा आमच्यातल्या समाजवादी मित्रालाही ते बोचले. तो तोपर्यंत नियमाने येऊ लागला होता आणि त्याच्यामुळे आमची तयारी दुप्पट वाढली होती.

नव्या मुलांनी परवा फोनवर विचारले, “ताई, पहिल्या बैठकीला काय वाचायला घ्यावे?” मी त्यांना गोखल्यांचे भाषण आणि त्या दोन हिशोबपट्ट्या सांगितल्या. पट्ट्यांच्या छायाप्रती बाविसाव्या पानावर डिंकाने चिकटवलेल्या आहेत. त्याच्या खाली हडपसरच्या मैत्रिणीचा प्रश्न तिच्याच अक्षरात आहे, कारण त्या दिवशी इतिवृत्त लिहिण्याची पाळी तिची होती. टंचाईच्या वर्षी डबेवाल्या बाईने काय करायचे, या तिच्या प्रश्नाखाली पुढे वेगवेगळ्या तारखांना आम्ही चार उत्तरे लिहिली. तिने चारही वाचली आणि प्रत्येकापुढे पेन्सिलीने ‘पटले नाही’ असे लिहून ठेवले आहे. पानाच्या तळाशी अजून सहा-सात ओळींची जागा आहे.